पाव वळसा

नऊशे फरशा फोडायचं नक्की झालं, तेव्हा वहिनी हौदापाशी उकिडव्या बसून त्यातलीच एक पुसत होत्या.

हा त्यांचा रोजचा नेम. सकाळी अंघोळ झाली, देवाशी दोन शब्द बोलून झाले, की कारखान्याच्या मागच्या अंगणात यायचं, भिंतीलगतच्या ढिगातली एक फरशी उचलायची, ओल्या फडक्याने पुसायची, उन्हात तिरकी उभी करायची. दुसऱ्या दिवशी ती जागेवर ठेवायची आणि पुढची घ्यायची. ढीग संपायला अडीच वर्षं लागत. मग पुन्हा पहिलीपासून. असे पंधरा फेरे झाले होते. घरातले हसायचे. धाकटी जाऊ तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, की आमच्या जाऊबाईंनी नाकारलेल्या फरशा दत्तक घेतल्यात. वहिनी स्वतःही हसायच्या. ढीग का पुसता, असं मात्र त्यांना कुणी कधी नीट विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर काय सांगायचं हे त्यांचं ठरलेलं नव्हतं.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. दीर तशी हाक मारत म्हणून कामगार मारू लागले, आणि शेवटी पोटची लेकसुद्धा आईला वहिनीच म्हणू लागली.

शेडमधून त्याच दिराचा, भाऊजींचा आवाज येत होता. वहिनींचे यजमान गेल्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून कारखाना या धाकट्याने एकट्याने ओढला, आणि आता तो थकला होता. लोक दुकानात जाऊन यंत्रावरच्या चकचकीत फरशा पेट्यांनी उचलत होते. हाताने रंग ओतून दिवसाला शंभर फरशा काढणाऱ्यांकडे कोण येणार, असं भाऊजींचं म्हणणं. प्रेस भंगारात द्यायची आणि मागच्या ढिगाचे तुकडे करून जमिनीत भराव टाकायचा. माणसं उद्या सकाळी घण घेऊन येणार होती. फक्त प्रेस दोन्ही घरांच्या नावावर होती, म्हणून मोठ्या घराची, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या भावाच्या घराची, संमती हवी होती. म्हणूनच आज अडतीस वर्षांनी मोठ्या घरची लेक, वहिनींची चुलत नणंद, त्या शेडमध्ये खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. पाहुण्यासारखी.

या बेताला विरोध करायला एकटी मुंगी होती. मुंगी म्हणजे वहिनींची लेक. लहानपणी फरशांच्या रेषांवरून सरपटत असायची म्हणून ते नाव पडलं, आणि इमारतींचे नकाशे काढणारी बाई झाली तरी ते निघालं नाही. नव्या वाचनालयाचं काम तिच्या हाती होतं. आत मोठं दालन, बाहेर अंगण, मध्ये उंबरठा नाही. एकच नक्षी पुस्तकांच्या कपाटांखालून निघावी आणि थेट उन्हात जावी, असं तिच्या मनात होतं. तिला हवी होती ती या कारखान्याची जुनी वेलीची नक्षी. तिचा मूळ साचा मोठ्या घरात होता. येताना शिल्लक फरशा घेऊन या, असं आत्याला तिनेच सांगितलं होतं, आणि आत्याने सोळा आणल्या होत्या, गोणपाटात गुंडाळून. पण काका ऐकत नव्हता. आत ठीक आहे, म्हणत होता, अंगणात ऊन, पाऊस, चिखलाचे पाय. चार वर्षांत रंग उडाला की लोक आपल्या नावाने हसतील.

वहिनी फडकं पिळत ऐकत होत्या. हातातली फरशी ओली झाली की तिचे रंग जागे होत. निळा, विटकरी, हळदी आणि त्यांच्यामधून चाललेली पांढरी वेल. अडतीस वर्षं रोज बघूनही त्यांना हे सवयीचं झालं नव्हतं.

त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं ते लग्न होऊन आल्यावर चौथ्या दिवशी. सासरे, म्हणजे अप्पा, म्हणाले, चल, या घरात काय करतात ते बघ. त्यांनी लोखंडी चौकटीत पितळेची जाळी बसवली. जाळीच्या एकेका घरात पळीने रंग ओतला. रंग म्हणजे साईसारखं दाट सिमेंट, त्यात संगमरवराची पूड. मग श्वास धरून जाळी सरळ वर उचलली. हात एवढासा हलला असता तर निळं हळदीत शिरलं असतं, पण एक रंग दुसऱ्याला शिवला नाही. वर कोरडं सिमेंट चाळलं, वाळूची जाड पाठ भरली, प्रेसचं चाक फिरवलं. या सगळ्या वेळात फरशीचं तोंड खाली. करणाऱ्याला ते दिसतच नाही. तो पाठीवर काम करतो आणि तोंड बरोबर येईल असा भरवसा ठेवतो. अप्पांनी दाब सोडून फरशी उलटली आणि ओली वेल वर आली, तेव्हा नवी सून तोंडावर हात ठेवून उभीच राहिली. तिला वाटलं, ही वेल आत आधीपासूनच होती, अप्पांनी फक्त दार उघडलं.

तोंड खाली, म्हणून जाळीतली नक्षी उलटी असावी लागते, आरशातल्यासारखी. कारखान्यात झाडू मारणाऱ्यालाही हे माहीत होतं. नव्या सुनेला कुणी सांगायचं राहून गेलं.

चौथ्या महिन्यात एका मोठ्या सभागृहाचं काम अर्ध्यावर आलं आणि वेलीची जाळी चिरली. दुसरी तातडीने करून घ्यायची होती. सुनेचा हात चांगला, म्हणून अप्पांनी तिला कागद काढायला सांगितला. तिने तयार फरशीवर पातळ कागद ठेवून वेल गिरवली, अगदी पानाच्या टोकासकट, आणि तो कागद न उलटता पितळेच्या कारागिरापाशी दिला. नऊ दिवसांत नऊशे फरशा निघाल्या. वेल उजवीकडे वळते की डावीकडे, हे एकटी फरशी बघून कुणाला कळतं? कळलं ते सभागृहात, गवंड्याने जुन्या फरशीला नवी लावली तेव्हा. वेल तुटली. गाड्या भरून फरशा परत आल्या.

अप्पांचे थोरले भाऊ, कारखान्याचे मोठे मालक, याच शेडमध्ये उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, कागद कुणी दिला. सुनेने तोंड उघडलं होतं. त्याआधी अप्पा म्हणाले, "मी."

मागाहून हौदापाशी अप्पा तिला हळूच म्हणाले होते, "तू नवी आहेस. हे घर तुला जन्मभर हेच ऐकवेल. मी म्हातारा होईन, माझं विसरतील." तिने मान हलवली. त्या मान हलवण्यात ती अडकली. पंधरा दिवसांत मोठे मालक बायकोमुलांना घेऊन, चिरलेली जाळी, वेलीचा तो मूळ साचा, सांधून घेऊन निघून गेले. त्यांची बारा वर्षांची लेक तेव्हा वहिनींपुढे केस विंचरून घ्यायला बसली होती. उजवी वेणी घालून झाली होती. बाहेरून बापाची हाक आली, आणि पोर तशीच उठून गेली.

तीच आता शेडमध्ये बोलत होती. वहिनी फरशी हातात घेऊन दाराशी आल्या. दाराबाहेर उन्हात आरामखुर्चीत अप्पा डोळे मिटून बसले होते. वय अठ्ठ्याऐंशी, ऐकू जवळजवळ येत नाही. त्यांचं मत विचारायला भाऊजी सकाळी गेले होते, तर ते एवढंच म्हणाले, की चाक तुमच्या हातात आहे, तुम्ही ठरवा.

"संमती देते," वन्सं म्हणाल्या. नणंद बारा वर्षांची असल्यापासून वहिनी तिला वन्संच म्हणत. "पण एक बोलून देते, म्हणजे मनात राहायला नको. बाबा चूक झाली म्हणून गेले नाहीत. चुका कुणाच्या होत नाहीत? शेवटच्या आजारात ते सांगत होते, माझा भाऊ झोपेतसुद्धा उलटं-सुलटं विसरणारा नाही. तो विसरला म्हणजे त्याचं लक्षच नव्हतं. कामातून आणि माझ्यातून त्याचं मन उडालं होतं. हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. फरशा नाही."

भाऊजी खाली बघत राहिले. धाकट्या जावेने काहीतरी बोलायला घेतलं, आता त्या गोष्टी कशाला, गेलं ते गेलं, आणि चहाचं विचारलं.

वहिनींच्या हातातल्या फरशीतून पाणी कोपरापर्यंत ओघळलं. अप्पांच्या नावाला लागलेला डाग त्यांना ठाऊक होता, तो त्या रोज पुसत होत्या. पण दुसरा भाऊ जन्मभर असं समजून जगला आणि तसाच गेला, हे त्यांना आत्ता कळत होतं. उद्या ढीग फुटला की दाखवायलाही काही उरणार नव्हतं, आणि अप्पा हेच नाव घेऊन जाणार होते. मान हलवून दिलेला शब्द आणि हे, दोन्ही एकदम सांभाळता येत नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात हात जोडले आणि आत पाऊल टाकलं.

गोणपाट सोडून त्यांनी सोळांतली एक फरशी काढली, शेडच्या मोकळ्या जमिनीवर ठेवली. हातातली ओली फरशी तिला चिकटवून ठेवली. मग तिच्यावर हात तसाच ठेवून त्या खाली बसल्या.

"वन्सं, ही मूळ. आणि ही मी केलेली," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "कागद मी दिला होता. न उलटता दिला. मला माहीतच नव्हतं. अप्पांनी स्वतःवर घेतलं आणि मला बोलू दिलं नाही. तुमचे बाबा बरोबर होते. अप्पा विसरलेच नव्हते."

धाकटी पदार्थाला मीठ नाही हे पहिल्या घासाला कळावं तशी जाऊबाईंकडे बघत होती. भाऊजींनी कपाळावर हात ठेवला. त्यांनी जन्मभर त्या ढिगाला अप्पांचा ढीग म्हटलं होतं, चारचौघांत, अप्पांच्या देखत. वन्संचा चेहरा मात्र वाचता येत नव्हता. त्या वहिनींकडे बघत होत्या, जणू दूरचं कुणीतरी ओळखायचा प्रयत्न चालला आहे.

सगळे वहिनींकडे बघत होते. मुंगी एकटी जमिनीकडे बघत होती.

"वहिनी, हात काढ," ती म्हणाली.

वहिनींना वाटलं, लेक रागावली. त्यांनी हात मागे घेतला.

दोन फरशा जिथे भेटत होत्या तिथे एक फूल उमललं होतं.

ते कुणी काढलेलं नव्हतं. मूळ फरशीच्या कडेला वेलीचं पान अर्धं कापलेलं होतं, पुढच्या फरशीत पुरं व्हायला. उलट्या फरशीच्या कडेलाही तेच अर्धं पान होतं, आरशातलं. दोन अर्धी पानं कडेला कड लावून भेटली होती, आणि त्यांचं पान झालं नव्हतं, फूल झालं होतं. विटकरी पाकळ्या, मध्ये हळदी, आणि दोन्हीकडून आलेली पांढरी वेल त्याच्या देठाशी येऊन टेकलेली. एक रेघ चुकली नव्हती.

मग मुंगी गुडघ्यांवर बसली आणि तिने बोटाने उलटी फरशी थोडी फिरवली. फूल मोडलं. वेल तुटली. परत फिरवली. फूल आलं.

"पाव वळसा," ती कुजबुजली. "गवंड्याने ती पाव वळसा चुकीची लावली होती. सगळ्यांना वेल पुढे जायला हवी होती ना, म्हणून ती तुटलेलीच दिसली. हिला फिरवून कुणी बघितलंच नाही."

"बघणार कसं," भाऊजी म्हणाले. "दोन्ही जातीच्या फरशा त्यानंतर एका छपराखाली आल्या कधी?"

मग कुणी कुणाला सांगितलं नाही. वन्संनी गोणपाट उचललं. भाऊजींनी ढिगातल्या आणखी पंधरा काढल्या, दोन-दोन करून, छातीशी धरून. अंगणात सपाट जागा बघून मुंगीने पहिली मांडली. एक मूळ, एक उलटी, एक मूळ, एक उलटी, खालच्या रांगेत अदलाबदल. तिसऱ्या रांगेत मुंगीचा हात चुकला तर भाऊजींनी न बोलता फरशी काढून फिरवली आणि दोन बोटांनी फट सारखी केली. त्या बोटांना अकरा वर्षांत असं काम मिळालं नव्हतं. आठ रांगा झाल्या. भाऊजींनी बादली उचलली आणि पाणी फेकलं.

फरशीने पाणी प्यायलं आणि रंग वर आले. वेल आता कुठूनही निघत नव्हती आणि कुठेही संपत नव्हती. चार फरशा भेटत तिथे मोठं फूल, दोन भेटत तिथे लहान. डोळा एका फुलावर ठेवावा तर दुसरं हलल्यासारखं वाटे. वहिनींनी यातली एकेक उलटी फरशी पंधरा वेळा पुसली होती, तिचा प्रत्येक ओरखडा त्यांना पाठ होता, आणि तरी हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या हातून हे झालं असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. करणारा पाठीवर काम करतो, तोंड त्याला दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती त्यांनी पुसली नाही.

भाऊजी वाकून एका उलट्या फरशीवर अंगठा घासत होते. मूळ फरशी मोठ्या घरात, सावलीत राहिलेली. ही अडतीस पावसाळे आणि अडतीस उन्हाळे भिंतीलगत उघड्यावर. निळ्याला निळं लागत होतं. रंग वरून लावलेला नव्हताच, पार आतपर्यंत गेलेला होता.

"बाहेर टिकत नाहीत म्हणालो होतो," ते म्हणाले.

धाकटी फरशीच्या कडेला उभी होती. तिला पलीकडे जायचं होतं, चपला घालूनही जाता येत होतं. तिने चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आणि मग अनवाणी पाऊल हळूच त्या ओल्या फुलांवर टाकलं. आयुष्यभर तिच्या टोमण्यांची सवय झालेल्या वहिनींना ते बघून भरून आलं.

मग भाऊजी मान खाली घालूनच म्हणाले, की नऊशेला जोडी नऊशेच लागतील. प्रेस भंगारात देऊन चालायचं नाही. पण साचा नाही.

"साचा गाडीत आहे," वन्सं म्हणाल्या.

"संमती द्यायला आलात आणि साचा घेऊन?"

"इथे त्याला कुणी ओळखतं का, बघायचं होतं."

मुंगी आजोबांना आणायला गेली होती. अप्पा काठी टेकत, तिच्या खांद्यावर हात ठेवून आले आणि कडेला थांबले. ते खूप वेळ बघत राहिले. त्यांची नजर एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर जात होती, हिशेबी, कामाची नजर. मग ती नजर थांबली. ओठ थोडे हलले. काठी मुंगीकडे देऊन ते दोघांच्या आधाराने खाली बसले आणि त्यांनी आपला मोठा, सिमेंटने कायमचा फुटलेला पंजा मधल्या फुलावर ठेवला. कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावा तसा.

वन्संनी त्यांच्या कानापाशी वाकून मोठ्याने सांगितलं, की काका, ही ती परत आलेली उलटी फरशी आहे.

वहिनी काय बोलल्या होत्या ते अप्पांनी ऐकलंच नव्हतं. ते खुर्चीत होते, उन्हात. त्यांनी पुतणीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यात त्यांना थोरला भाऊ दिसला असावा, कारण त्यांची पाठ एकदम ताठ झाली. आणि अडतीस वर्षांपूर्वी शेडमध्ये उभं राहून म्हणाले होते तितक्याच ठाम आवाजात ते म्हणाले, "कागद मी दिला होता."

वन्सं तोंडावर हात ठेवून बाजूला वळल्या.

वहिनी सासऱ्यांशेजारी ओल्यात बसल्या. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "अप्पा, आता राहू द्या. मी सांगितलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

अप्पांनी एकेकाकडे पाहिलं. भाऊजींनी त्यांच्या पायाशी वाकून काहीतरी पुटपुटलं, ते त्यांना ऐकू आलं नाही आणि यायची गरजही नव्हती. मग ते पुन्हा फरशीकडे वळले आणि हळूहळू त्यांचं पोट हलू लागलं. ते हसत होते.

"म्हणजे एवढी वर्षं हिचं श्रेय मी उगाच लाटलं," ते म्हणाले. मग आणखी थोडं बघून, "पाणी मारा रे. सुकतंय."

भाऊजी बादली घेऊन हौदाकडे धावले. मुंगी आणि धाकटी गाडीतून साचा उतरवायला गेल्या. वहिनींना तेव्हा आठवलं, की आजची फरशी आपण उन्हात उभी केलीच नाही. ती कुठली, हे आता त्यांना बत्तीसांतून सांगता आलं नसतं.

उठायला म्हणून त्यांनी हात टेकला, तर पुढ्यात कुणीतरी येऊन बसलं. पाठ करून. वन्संनी अंबाडा सोडला होता, आणि अर्धे पिकलेले केस खांद्यावर पसरले होते.

"डावी राहिली होती," त्या पुढे बघतच म्हणाल्या. "तू घालणार होतीस."

वहिनींनी ओले हात साडीला पुसले आणि केसांचे तीन पेड केले.